पत्रिकेवर काय छापू नये, हे सांगणारं दुकान

दुकानाचं नाव मी लिहीत नाही. मालकांनीच सांगितलंय, "ताई, नाव नका टाकू, हंगामात आहे तीच गर्दी आवरत नाही." सोलापुरात बाळीवेशीजवळच्या एका बोळात आहे. 'पत्रिकेवाले अण्णा कुठं बसतात' एवढं विचारलं की पानपट्टीवाला मान वर न करता हातानंच रस्ता दाखवतो. लग्न, मुंज, वास्तुशांत, डोहाळजेवण, दशक्रिया, सगळं छापून मिळतं. मी गेले होते भाचीच्या लग्नपत्रिकेसाठी.

पतसंस्थेत कॅशियर आहे, म्हणून आधी हिशेब सांगून मोकळी होते. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, हळदी रंगाचा कागद, एक घडी, दोन रंगांत स्क्रीन प्रिंटिंग, फॉइल फक्त एका जागी आणि पाकीट धरून एक पत्रिका २२ रुपयांना पडली. साधारण तसल्याच कागदाला बाजारपेठेतल्या एका मोठ्या काचेच्या दुकानात २८ सांगत होते, वर त्यात फॉइल, लेस, कुंदनचे खडे आणि पत्रिका उघडली की वाजणारी सनई घ्यायचा आग्रह. पैसे वाचले म्हणून मी हे लिहायला बसलेले नाही. गिऱ्हाईक जे मागतं त्यातलं निम्मं खोडून टाकणारा दुकानदार मी आजवर पाहिला नव्हता, म्हणून बसले.

भाचीनं मोबाइलवर एक नमुना पसंत करून ठेवला होता. वर गणपती, त्याखाली राधाकृष्ण, दोन्ही अंगाला केळीचे खांब, कलश, दोन मोर, खाली डोली, तिच्यामागं हत्ती, आणि आपण सोलापूरचे म्हणून कोपऱ्यात नंदीध्वज. अण्णांनी त्याचा प्रिंट काढला, चष्मा वर केला आणि पेन्सिल घेऊन एकेका चित्रावर टेकवत विचारायला लागले, "ही खूण कुणासाठी?"

आम्हाला प्रश्नच कळेना. ते म्हणाले, "कलश बघितल्यावर कुणाला काय कळतं ते सांगा. कलश म्हणजे पाण्यानं भरलेला घट, वर आंब्याची पानं, नारळ. घर भरलेलं आहे, या. आजीला कळतं, पाचवीतल्या पोराला कळतं. ठेवा. आता डोली. डोली बघून कुणाला काय कळतं?"

भाची म्हणाली, "नवरी सासरी निघाली."

"तुमच्यात डोली असती का?"

"नाही."

"नवरी कशातनं जाणार?"

"स्कॉर्पिओ."

"मग स्कॉर्पिओ काढू का?"

डोली गेली. डोलीच्या मागून हत्तीही गेला. अण्णांचं म्हणणं असं की तयार पत्रिकांचा माल येतो शिवकाशीहून नाहीतर दिल्लीच्या चावडी बाजारातून. तिथले लोक साऱ्या देशासाठी एकच साचा काढतात आणि तो दिसायला झकपक असावा म्हणून राजस्थानी वाड्याचा असतो. आपल्याकडे तो नुसता दागिना होऊन बसतो, सांगत काहीच नाही. दुकानात त्या मालाचे ढीग आहेतच, मागेल त्याला विकतातही. फक्त आधी हा प्रश्न विचारून घेतात. मला वाटतं त्यांचा अर्धा धंदा ह्या प्रश्नानं बुडतो आणि उरलेला अर्धा ह्याच प्रश्नावर चालतो.

कलशाचं मात्र मी घरी येऊन ताडून पाहिलं. अजिंठ्याच्या खांबांवर घटपल्लव आहेत, घटातून पानं बाहेर ओसंडणारे. सांचीच्या कठड्यांवर पूर्णघट आहे. म्हणजे दोन हजार वर्षांमागच्या बौद्ध कारागिरानं जी खूण दगडात कोरली तीच बाळीवेशीच्या बोळात २२ रुपयांच्या कागदावर उमटते, आणि तिचा अर्थ सांगायला तळटीप लागत नाही. एवढं आयुष्य किती चित्रांना मिळतं?

नंदीध्वजाच्या वेळी अण्णा थोडे गंभीर झाले. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. बाराव्या शतकात आमच्या ग्रामदैवताशी, सिद्धरामेश्वरांशीच लग्न करीन म्हणून एक कुंभारकन्या हटून बसली. ते योगी. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची मोकळीक दिली, अशी कथा आहे. तो विवाह आमच्या गावात दर संक्रांतीच्या तोंडावर अजून लागतो. त्या योगदंडाचं प्रतीक म्हणून सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात, वेगवेगळ्या समाजांच्या मानाचे. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी ते उंच ध्वज तोलत मिरवतात, सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापलेल्या ६८ लिंगांना तेलाचा अभिषेक होतो, आणि संमती कट्ट्यावर लग्नाची संमती वाचून झाली की लाखोंच्या गर्दीतून 'एकदा भक्तलिंग हर बोला हर' म्हणत अक्षता पडतात. तिथे काठी मिरवते, असं कुणाच्या मनातही येत नाही. लग्न लागतंय म्हणूनच सगळे उभे असतात. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर होम होतो तेव्हा वातावरण वेगळंच असतं.

"आता तुम्ही सांगा," अण्णा म्हणाले, "नंदीध्वज म्हणजे तिथं नवरदेव. त्याला तुमच्या लग्नाच्या पत्रिकेत कोपऱ्यात हत्तीशेजारी उभा करायचा व्हय?"

भाचीनं स्वतःच तो खोडला.

मी ह्यावर पुष्कळ विचार केला आणि मला ते पटतं. ज्या गावात वर्षातून एकदा दंडाचं लग्न लागतं, आणि ते बघायला माणूस पहाटेपासून जागा धरतो, त्या गावाला प्रतीक म्हणजे काय हे शिकवायला नको. पण तेच गाव पत्रिकेवर, फ्लेक्सवर, रिक्षाच्या पाठीवर, पाण्याच्या जारवर नंदीध्वज छापतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नंदीध्वजाशेजारी कुणा भाऊंचा गॉगलवाला फोटो मी रोज ऑफिसला जाताना बघते. इतक्या ठिकाणी लावल्यावर खूण बोलायची थांबते, तिचं नुसतं नक्षीकाम होतं.

आता आमची खरी अडचण. आमचं दैवत तुळजापूरची भवानी. मुलाकडचे अक्कलकोट तालुक्यातले, लिंगायत, घरात कन्नड. पत्रिकेच्या माथ्यावरची जागा एकच आणि तिच्यावर हक्क सांगणारे चार. दादाला गणपती हवा, वहिनीला भवानीचं चित्र, व्याह्यांना बसवेश्वर, आणि मुलाच्या आजीला सिद्धरामेश्वर. दोन घरांच्या बैठकीत ही गोष्ट निघाली की चहा गार व्हायचा. हुंड्याचा विषय आमच्यात नव्हता, तरी ताण मात्र तसलाच.

अण्णांनी तोड काढली ती अशी. देवाचं मोठं चित्र एकाचंही नको. माथ्यावर डावीकडे लहानसा गणपती, उजवीकडे लहानसं शिवलिंग, दोन्ही एकाच उंचीचे. पत्रिकेच्या चारी कडांनी कवड्यांची ओळ, आणि कोपऱ्यांत बेलाचं त्रिदळ. कवड्यांची माळ म्हणजे भवानी, हे आमच्याकडच्या कुणाला सांगावं लागत नाही. आराध्यांच्या, म्हणजे भवानीच्या भक्तांच्या, गळ्यात ती असते, परडीत असते. बेलाची तीन पानं म्हणजे शंकराचे तीन डोळे, हे त्यांच्याकडच्या पोरांनाही ठाऊक. व्याह्यांनी नमुना हातात घेतला, अंगठा कवड्यांवरून फिरवत फिरवत बेलापर्यंत नेला आणि म्हणाले, "छान आहे की ओ." बसवेश्वरांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. (कॅशियर म्हणून मला कवड्यांचं जरा जास्तच कौतुक. एके काळी हे चलन होतं, आणि आता पत्रिकेच्या कडेला देवी होऊन बसलंय.)

मुलाच्या आजीसाठी एक जागा राहिली होती. व्याह्यांची इच्छा सिद्धरामेश्वरांचं एक आख्खं वचन कन्नडमध्ये छापायची. अण्णांनी जागा मोजली, वचन मोजलं आणि सांगितलं की अक्षर इतकं बारीक होईल की चष्मा लावूनही वाचता येणार नाही. त्याऐवजी शेवटी नुसती मुद्रा छापा. शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, वचनांत शेवटी इष्टदैवताचं नाव येतं, त्याला अंकित म्हणतात. आपल्या अभंगात 'तुका म्हणे' आलं की कुणाचा अभंग ते कळतं, त्याच जातीची गोष्ट, फक्त इथे कवीच्या नावाच्या जागी देवाचं नाव. बसवण्णांचं 'कूडलसंगमदेव', सिद्धरामांचं 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन'. पत्रिकेच्या तळाशी कन्नड अक्षरांत तेवढे दोन शब्द आले. आजींनी वाचले आणि आख्खं वचन स्वतःच म्हणून दाखवलं. न छापलेलं सगळं त्या दोन शब्दांनी बोलावून आणलं होतं.

अण्णांच्या दुकानात सर्व समाजांच्या नमुन्यांच्या वह्या आहेत आणि मला त्यातच जास्त वेळ रमायला झालं. बौद्ध लग्नाच्या पत्रिकेवर 'शुभविवाह' नसून 'मंगल परिणय' असतं, पिंपळाचं पान असतं, निळा आणि पांढरा रंग असतो. धम्मचक्र छापताना अण्णा आरे मोजतात. आठ असले तर अष्टांगिक मार्गाचे. झेंड्यावरचं अशोकचक्र २४ आऱ्यांचं. कॉम्प्युटरवरची पोरं जे सापडेल ते चिकटवतात आणि मग गिऱ्हाईकाचा काका येऊन भांडतो. सांचीला तोरणांवर बुद्ध माणसाच्या रूपात काढलेला नाही, तिथे रिकामं आसन, पावलं, बोधिवृक्ष एवढंच असतं, हे मी सहलीला गेले तेव्हा गाईडनं दाखवलं होतं. ते मी अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "बघा, तेव्हाच्या माणसाला पण कळायचं, सगळं काढायला नको."

मुस्लिम निकाहच्या पत्रिकेवर ७८६ का, हेही मला तिथेच कळलं. 'बिस्मिल्लाह हिर् रहमान निर् रहीम' ह्यातल्या अरबी अक्षरांची अबजद पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक अक्षराचा ठरलेला आकडा धरून, बेरीज केली की ७८६ येते. कागद शेवटी कुठे जाईल, कुणाच्या पायाखाली येईल ह्याचा नेम नसतो, म्हणून पवित्र वचन न छापता पुष्कळ जण आकडाच छापतात. ह्याला कॅशियर माणूस खूश झाला नाही तरच नवल.

आणि इथेच मला अण्णांचं सगळं तंत्र कळलं. देवाचं मोठं चित्र नको म्हणण्यामागं त्यांचा हिशेबही तोच आहे. पत्रिका लग्न झालं की रद्दीत. रद्दीवाल्याच्या काट्यावर गणपती, भेळेच्या पुडीला राधाकृष्ण. "खूण ठेवली की देव घरात राहतो," असं ते म्हणाले. खूण मूळ गोष्टीची आठवण करून देते, आणि मूळ गोष्टीला मळूही देत नाही. कवडी रद्दीत गेली तर कुणाला काही वाटत नाही, भवानीचा चेहरा गेला तर वाटतं.

पद्मशाली, म्हणजे विणकर, समाजाच्या वहीत मार्कंडेय ऋषी शिवलिंगाला मिठी मारून बसलेले आणि कमळ. शहराच्या पूर्वभागातल्या आमच्या तेलुगू शेजाऱ्यांची कथा अशी की भावनाऋषींनी कमळाच्या तंतूंपासून वस्त्र विणलं. हातमाग आणि यंत्रमाग ह्यांच्यावर उभ्या राहिलेल्या गावात कमळ म्हणजे नुसतं लक्ष्मीचं आसन नाही, ते सूतही आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो तेव्हा हे सगळं रस्त्यावर दिसतं. त्या वहीत एका पत्रिकेच्या कडेला धोटा होता, विणकराचा. मला ती पत्रिका सगळ्यांत आवडली. मागणारं गिऱ्हाईक कोण होतं हे अण्णांनी सांगितलं नाही, आणि ते बरोबरच.

आता छपाईतली एक खुबी, जी इतर दुकानांत सांभाळली जात नाही. आमच्या पहिल्या प्रूफमध्ये पत्रिकेची दोन पानं दाराच्या झडपांसारखी उघडायची होती आणि दोन्हींवर गणपती आणि स्वस्तिक. कॉम्प्युटरवरच्या मुलानं डावीकडचं पान तयार केलं आणि उजवीकडे तेच उलटं करून चिकटवलं, म्हणजे दोन्ही बाजू जुळाव्यात. दिसायला सुरेख. अण्णांनी लांबून बघितलं आणि ओरडले. उलटं केल्यामुळे एका गणपतीची सोंड उजवीकडे वळली होती. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक मानतात, घरात तो सहसा कुणी ठेवत नाही. आणि स्वस्तिकाचे हात उलट दिशेला फिरले होते. मुलगा म्हणाला, "अण्णा, कोण बघतंय?" अण्णांनी टेबलाच्या खणातून जुना जस्ताचा ब्लॉक काढला, पायानं चालवायच्या ट्रेडल छपाई मशीनच्या काळातला. त्यावर स्वस्तिक उलटंच होतं, कारण ब्लॉकवर उलटं असेल तरच कागदावर सुलटं उमटतं. खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायच्या काळात माणसाला सगळंच उलटं वाचायची सवय होती, म्हणून कुठली वस्तू उलटली की चालते आणि कुठली उलटली की अर्थ बदलतो हे त्याच्या बोटांना माहीत होतं. केळीचा खांब उलटा करा, काही बिघडत नाही. मोर उलटा करा, चालतो. स्वस्तिक चालत नाही. दोन झडपांचा बेत रद्द करून आम्ही साधी एक घडी घेतली आणि पैसे वाचले ते वेगळेच.

स्वस्तिकावरून दुसरा एक प्रसंग. नवरामुलगा पुण्यात एका जर्मन कंपनीसाठी काम करतो. तिकडच्या सहकाऱ्यांना पीडीएफ पाठवायची होती. त्यानं चाचरतच विचारलं, स्वस्तिक काढता येईल का? माझा दादा तापला, आपली मंगल खूण आपण का लपवायची म्हणून. पण जर्मनीत नाझी चिन्हं जाहीरपणे वापरायला कायद्यानं बंदी आहे, आणि ज्या माणसाला लहानपणापासून ती आकृती हिटलरच्या झेंड्यावरचीच म्हणून ठाऊक आहे त्याच्या इनबॉक्समध्ये ती एकाएकी उघडली तर त्याच्या पोटात गोळा येणार. तो काही आपल्या चार टिंबांकडे आधी बघणार नाही. हिटलरच्या पक्षानं ती आकृती १९२० मध्ये उचलली. त्याआधी कित्येक हजार वर्षं ती सिंधू संस्कृतीच्या मुद्रांपासून आपल्या उंबऱ्यापर्यंत चालत आली होती, हे खरं. पण पत्रिका म्हणजे बोलावणं, तिथे इतिहासाचा वाद कशाला? अण्णांनी दोन मिनिटांत पीडीएफमध्ये स्वस्तिकाच्या जागी कलश बसवला. छापील पत्रिकेवर स्वस्तिक राहिलं, त्याच्या चार टिंबांसकट. दादा अजून थोडा धुमसतोय, पण ते त्याचं नेहमीचंच.

रंगावरही वाद झाला. हल्ली काळ्या मॅट कागदावर सोनेरी अक्षरं, असली पत्रिका फॅशनमध्ये आहे आणि भाचीचं मन तिच्यावरच होतं. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मंगळसूत्राचे मणी काळे, संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा आणि त्यावर पांढरे हलव्याचे दागिने, मग काळा अशुभ कसा? अण्णांनी तिला वेड्यात काढलं नाही. म्हणाले, "मण्यातला काळा दिष्टीसाठी. साडीतला काळा थंडीसाठी. कागदावरचा काळा दहाव्याचा. रंग त्योच, जागा बदलली की बोलणं बदलतंय." मग शोकपत्रिकांची वही काढून दाखवली. पांढरा कागद, काळी चौकट, वर 'श्री' नाही, हळदीचं बोट नाही. भाचीनं ती वही लगेच मिटली. मजकूर शेवटी कुंकवाच्या गडद तांबड्या शाईत आला.

शब्दांतल्या खुणांचंही अण्णांना तेवढंच भान. नवऱ्याच्या नावामागं 'चि.' आणि नवरीच्या मागं 'चि. सौ. कां.' हे छापील साच्यातच असतं. भाचीनं दोघांनाही नुसतं 'चि.' ठेवायला सांगितलं. अण्णा म्हणाले, ठेवतो, पण तुमच्यातलं कोणीतरी मला फोन करून शिव्या देणार. (दिल्या. मोठ्या काकांनी.)

मात्र आजीच्या नावाशी आल्यावर सगळे गप्प झाले. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. निमंत्रकांच्या यादीत तिच्या नावामागं जुन्या पद्धतीनं 'गं. भा.' लिहिलेलं होतं, दादानंच मागच्या एका पत्रिकेवरून उतरवलेलं. २०२३ मध्ये विधवांना अधिकृतपणे 'गंगा भागीरथी' म्हणावं अशी चर्चा सरकारी पातळीवर निघाली होती आणि राज्यभर टीका झाली होती, ते मला आठवलं. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करायचा ठराव केला. त्या चळवळीच्या मागे आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याचा एक कार्यकर्ता होता. कुंकू काय, बांगडी काय, दोन-चार रुपयांच्या वस्तू. पण त्यांच्यावरून एका बाईचं हळदीकुंकवाचं आमंत्रण ठरतं, म्हणून त्यांच्यासाठी ग्रामसभा घ्यावी लागते. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "माझं नाव लिहा. मागंपुढं काही नको." तसंच छापलं. पहिल्या पत्रिकेला हळदकुंकवाची बोटं कुणी लावायची ह्यावर मग आमच्या घरात वाद उरला नाही, आजीनंच लावली, आणि ती पत्रिका दादा तुळजापूरला घेऊन गेला.

आता तक्रारी. आहेत, आणि थोड्या नाहीत. कवड्यांच्या ओळीतली जी सोनेरी फॉइल होती ती बऱ्याच पत्रिकांवर जराशी सरकलेली आली, म्हणजे कवडीच्या रेषेच्या बाहेर सोनं. अण्णा म्हणाले हातानं छापलं की एवढं चालायचंच. मला ते चाललं नाही, मी पैसे कमी केले आणि त्यांनी फारशी कुरकुर न करता घेतले. पाकिटाचा गोंद फालतू आहे, घरी बसून सगळी पाकिटं पुन्हा चिकटवावी लागली. कन्नड मजकूर आमच्या व्याह्यांनी तपासला म्हणून निभावलं. दुकानात कन्नड वाचणारा माणूस फक्त सकाळी असतो, आणि पहिल्या प्रूफात एक जोडाक्षर तुटलेलं होतं. दिलेल्या तारखेला पत्रिका मिळाल्या नाहीत. आणि अण्णांना बोलायची सवय आहे. तुम्ही घाईत असाल तर त्यांच्या सहाय्यकाशी बोला, तो खुणांवर प्रवचन देत नाही, दर सांगतो.

डिझाइन व्हॉट्सॲपवर पाठवतात, पण प्रूफवर सही करायला दुकानात यावंच लागतं, ह्याला अपवाद नाही. पुण्या-मुंबईतून छापून घेणाऱ्यांना हे त्रासाचं आहे. मला स्वतःला ते आवडलं, कारण कागद हातात घेतल्याशिवाय सोंड कुठल्या बाजूला वळलीय हे मोबाइलच्या पडद्यावर कुणी बघत नाही.

आहेराच्या पाकिटांचीही छपाई करतात. एक रुपयाचं नाणं चिकटवलेली पाकिटं घ्यायची तर नाणी तुम्हीच आणून द्यायची, असा त्यांचा नियम. लग्नसराईत आमच्या खिडकीशी लोक एक रुपयाच्या नाण्यांसाठी का येतात हे मला पूर्वी कळायचं नाही, आता त्यातले काही ह्याच दुकानाचे गिऱ्हाईक आहेत हे कळलं. एकशे एकमधला तो एक रुपया वेगळा का द्यायचा, ह्याला प्रत्येक घरात वेगळं उत्तर मिळतं. आमच्या आजीचं उत्तर असं की शून्यावर देणं संपतं, एकावर पुढं चालू राहतं.

माझ्याकडून पाचपैकी चार. अर्धा फॉइलसाठी कापला, अर्धा तारखेसाठी. आगाऊ निम्मी रक्कम घेतात, बाकी पत्रिका मोजून घेताना. गुगल पे चालतं, पण पावती मागा, आपणहून देत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर लगेच आणि गुढीपाडव्याच्या पुढे जायचं असेल तर आधी फोन करा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत दुकान बंद असतं, तेव्हा अण्णा नंदीध्वजाच्या मिरवणुकीत असतात. बोळात चारचाकी शिरत नाही, गाडी लांब लावून चालत जा, आणि जाताना घरातल्या सगळ्यांच्या नावांची यादी एकाच कागदावर, एकाच हस्ताक्षरात लिहून न्या.